रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? आफ्रिकेची सायबर सुरक्षा आणि डिजिटल मुत्सद्देगिरी

आजच्या विषयाचं नाव ऐकायला जरा जड आहे, म्हणून आधी एक घडलेलं प्रकरण सांगतो.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा लहानसा देश आहे. दोन यादवी युद्धं आणि त्यानंतर इबोलाची साथ, एवढं सगळं सोसून सावरत असलेला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या लोनस्टार या मोठ्या मोबाइल कंपनीची इंटरनेट सेवा पुन्हा पुन्हा कोलमडू लागली. अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद पडलं, अशा बातम्या जगभर गेल्या. त्या थोड्या फुगवलेल्या होत्या, पण कंपनीचं नुकसान खरं होतं आणि तिच्या ग्राहकांचे हालही खरे होते.

हे कसं केलं गेलं? समजा तुमच्या दुकानाच्या दारात हजारो माणसं येऊन उभी राहिली. त्यांना काहीच घ्यायचं नाही, पण खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही. इथे ती माणसं म्हणजे जगभरातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि घराघरांतले राउटर होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता, म्हणून ही उपकरणं एका माणसाला सहज ताब्यात घेता आली. ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या मदतीने तो ती एकाच वेळी लोनस्टारवर सोडत होता.

आता या प्रकरणाचा नकाशा पाहा. हल्ला करणारा ब्रिटिश नागरिक, राहायला सायप्रसमध्ये. सुपारी देणारा लायबेरियातल्याच दुसऱ्या मोबाइल कंपनीचा माणूस. हत्यार म्हणून वापरलेली यंत्रं कितीतरी देशांतली. त्याच सुमारास त्याच माणसाच्या उद्योगामुळे जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. त्याला अटक झाली ती २०१७ मध्ये लंडनजवळच्या ल्युटन विमानतळावर. आधी त्याच्यावर जर्मनीत खटला चालला, मग ब्रिटनमध्ये, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याला दोन वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली.

हे प्रकरण वाचताना मला पडलेला प्रश्न साधा होता. ज्या रात्री हे सुरू झालं, त्या रात्री मन्रोव्हियातल्या अधिकाऱ्याने फोन कुणाला करायचा? सायप्रसला? लंडनला? तिकडे फोन उचलणारं कुणी होतं का? आणि उचलला, तरी कोणत्या कायद्याच्या आधारे त्याने मदत करायची?

आजचा सगळा विषय या एका फोनमध्ये आहे. फोन उचलणारं माणूस तयार करणं म्हणजे सायबर क्षमताबांधणी. दुसऱ्या देशाने तो फोन गांभीर्याने घ्यावा, यासाठी आधी नाती जोडून आणि नियम ठरवून ठेवणं म्हणजे सायबर मुत्सद्देगिरी. डिजिटल मुत्सद्देगिरी म्हटलं की अनेकांना दूतावासांचे ट्वीट आठवतात. तोही एक अर्थ आहे, पण आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या अर्थाने: डिजिटल जगाचे नियम, करार आणि परस्पर मदत यांवर देशांमध्ये होणाऱ्या वाटाघाटींविषयी.

आफ्रिकाच का?

‘तिथे आधी रस्ते, पाणी, दवाखाने हवेत, सायबर सुरक्षा कसली घेऊन बसलात?’ असा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर असं की तिथला दवाखाना, पाणी आणि वीज आता मोबाइलवरच चालते.

केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये. म्हणजे नैरोबीतली भाजीवाली आपल्या कितीतरी आधी मोबाइलवर पैसे घेत होती. बँकेची शाखा नाही, घरी लँडलाइन कधी आलीच नाही, थेट मोबाइल आला. मधल्या पायऱ्या गाळून वर जाता आलं, हा फायदा. पण त्या मधल्या पायऱ्यांवर जी सावधगिरी शिकायची असते, तिच्यासाठी वेळ कमी मिळाला.

जुलै २०२३ मध्ये केनियाच्या ‘ई-सिटिझन’ या सरकारी पोर्टलवर हल्ला झाला. पासपोर्टचा अर्ज, वाहन परवाना, पर्यटकांचा व्हिसा, अशा हजारो सेवा या एकाच दारातून दिल्या जातात. ते दार अडलं. रेल्वेची तिकिटं आणि विजेचे प्रीपेड टोकन घेताना लोकांची अडचण झाली, मोबाइलवरून पैसे भरतानाही खोळंबा झाला. व्हिसा ऑनलाइन मिळेना म्हणून पर्यटकांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा द्यावा लागला. माहिती चोरीला गेली नाही, असं सरकारने सांगितलं. ‘अनॉनिमस सुदान’ नावाच्या गटाने जबाबदारी घेतली आणि पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने या गटाच्या संदर्भात दोन सुदानी भावांवर आरोपपत्र जाहीर केलं. हल्ला केनियावर, आरोपी सुदानचे आणि आरोपपत्र अमेरिकेत. इथेही नकाशा पुन्हा तसाच पसरलेला.

दक्षिण आफ्रिकेत जुलै २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या सिटी पॉवर या वीज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच कपाटाला चोराने स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. तिथे अनेक घरांत प्रीपेड मीटर आहेत, आधी युनिट विकत घ्यायचे आणि मग वीज वापरायची. विक्रीची यंत्रणाच बंद पडल्यावर ज्यांचे युनिट संपले, त्यांच्या घरात अंधार झाला.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ट्रान्सनेट या बंदरं आणि रेल्वे चालवणाऱ्या सरकारी कंपनीवर हल्ला झाला. डर्बन आणि केप टाउनसह प्रमुख बंदरांतली कंटेनरची कामं विस्कळीत झाली. परिस्थिती आपल्या हाताबाहेरची आहे, ठरल्या वेळेत माल हलवता येणार नाही, असं कंपनीला ग्राहकांना कायदेशीररीत्या कळवावं लागलं. डर्बन फक्त दक्षिण आफ्रिकेचं बंदर नाही. झांबिया, झिम्बाब्वे, बोट्स्वाना या देशांना समुद्रकिनाराच नाही, त्यांचाही माल तिथून ये-जा करतो. एका देशाचे संगणक बंद पडले आणि शेजाऱ्यांचे ट्रक उभे राहिले. म्हणून हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही, परराष्ट्र खात्याच्या टेबलावर येतो.

आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, त्यातला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. त्याआधी दोन वर्षं, मे २०१६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या स्टँडर्ड बँकेची बनावट कार्डं वापरून जपानमधल्या सुमारे १,४०० एटीएममधून अवघ्या तीनेक तासांत पैसे उपसले गेले होते. बँक एका देशातली, एटीएम भलत्याच देशांतली. पुण्याच्या तपास अधिकाऱ्यापुढे जी अडचण होती, तीच जोहान्सबर्गच्या अधिकाऱ्यापुढेही होती.

क्षमता म्हणजे नेमकं काय?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, देशांची सायबर तयारी मोजताना पाच गोष्टी पाहते: कायदा, तांत्रिक व्यवस्था, संघटना, प्रशिक्षण आणि सहकार्य. मी हे घरगुती भाषेत सांगतो. चोरी हा गुन्हा आहे असं लिहिलेलं आहे का? कुलूप लावता येतं का? रखवाली कुणाची, हे ठरलेलं आहे का? रखवालदाराला काम शिकवलंय का? आणि शेजाऱ्याशी बोलणं आहे का?

यातल्या तांत्रिक व्यवस्थेचा कणा म्हणजे सर्ट. आग लागली की अग्निशमन दल येतं, तसं सायबर संकटात धावून येणारं पथक. आपल्याकडे सर्ट-इन २००४ पासून काम करतंय. आफ्रिकेतल्या अनेक देशांत अशी पथकं गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभी राहिली, काही ठिकाणी अजून बाळसं धरायची आहेत. पथक कागदावर स्थापन करायला एक शासन-आदेश पुरतो. रात्रपाळीला बसणारी, हल्ल्याची लक्षणं ओळखणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. आणि तयार झालेला माणूस चांगल्या पगारासाठी खासगी कंपनीत किंवा परदेशात गेला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे दुखणं आपल्या सरकारी खात्यांनाही चांगलंच माहीत आहे.

तरीही आफ्रिका सगळी मागासलेली, हे चित्र डोक्यातून काढून टाका. मॉरिशसचं उदाहरण घ्या. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी सण साजरे करतात, त्यामुळे आपल्याला तो देश तसा ओळखीचा. पण सायबर सुरक्षेत तो आफ्रिकेच्या आघाडीवर आहे, हे कमी जणांना माहीत असतं. त्याचं राष्ट्रीय सर्ट २००८ चं. सायबर गुन्ह्यांवरच्या बुडापेस्ट करारात सामील होणारा तो पहिला आफ्रिकी देश. आयटीयूच्या २०२० च्या निर्देशांकात तो आफ्रिकेत पहिला आणि जगात सतरावा होता. २०२४ च्या निर्देशांकात तर मॉरिशससोबत घाना, केनिया, रवांडा, टांझानिया हे देशही सर्वांत वरच्या गटात आले. भारतही त्याच गटात आहे.

घानाने केलेलं एक काम मला विशेष आवडतं. सामान्य माणसाने ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करण्यासाठी तिथे २९२ हा सोपा क्रमांक २०१९ मध्ये सुरू झाला. आपल्या १९३० सारखाच. पुढे २०२० मध्ये सायबर सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी प्राधिकरणही उभं राहिलं. आधी लोकांना फोन करायला जागा दिली, मग कायदा, मग संस्था. मोठ्या देशांनीही पाहावा असा हा क्रम आहे.

मलाबोचा करार आणि कायद्याची दुसरी बाजू

प्रत्येक देशाने आपापला कायदा केला तरी चोर सीमा ओलांडतो. म्हणून आफ्रिकी संघाने जून २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीच्या मलाबो शहरात एक करार मंजूर केला. सायबर सुरक्षा, व्यक्तिगत माहितीचं संरक्षण आणि ऑनलाइन व्यवहार, तिन्ही एकाच करारात. युरोपबाहेर एखाद्या खंडाने असा व्यापक करार स्वतः लिहिणं ही मोठी गोष्ट होती.

पण तो लागू व्हायला १५ देशांची मान्यता हवी होती आणि ती मिळायला नऊ वर्षं लागली. करार ८ जून २०२३ रोजी अमलात आला. तेव्हाही नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, केनिया, इजिप्त ही मोठी राष्ट्रं त्या पंधरांत नव्हती. फ्रेंच वळणाचे कायदे आणि इंग्रजी वळणाचे कायदे यांची सांगड घालणं अवघड होतं. संसदांपुढे दुसरी कामं होती. काही देशांना बुडापेस्ट करार जास्त उपयोगाचा वाटला, कारण त्यात युरोप-अमेरिकेच्या पोलिसांशी पुराव्यांची देवाणघेवाण करण्याची सोय आहे. सेनेगल, घाना, मोरोक्को, नायजेरिया या देशांनी तोही करार स्वीकारला.

इथे मला एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. सायबर कायदा चोरासाठी असतो, पण तो सरकारला न आवडणाऱ्या माणसावरही चालवता येतो. नायजेरियाच्या २०१५ च्या सायबर गुन्हे कायद्यातलं चोविसावं कलम इतकं सैल होतं, की ऑनलाइन लिखाणामुळे पत्रकारांवर त्याखाली गुन्हे दाखल झाले. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास न्यायालयाने २०२२ मध्ये ते अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचं म्हटलं आणि २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. युगांडात जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या संध्याकाळी इंटरनेटच बंद करण्यात आलं. अर्थात, इंटरनेट बंद करण्याच्या बाबतीत आपल्यालाही फार मोठ्या तोंडाने बोलता येणार नाही.

म्हणून क्षमताबांधणीसाठी मदत करणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. आपण शिकवतोय ते कौशल्य नागरिकाचं रक्षण करणार आहे की त्याच्यावर पाळत ठेवणार आहे? साधनं बहुतेक वेळा तीच असतात. फरक करतात ती न्यायालयं, माहिती संरक्षणाचा कायदा आणि जागरूक पत्रकार. फक्त पोलिसांना प्रशिक्षण देऊन न्यायाधीश आणि सरकारी वकील यांना तसंच सोडलं, तर ती क्षमता अर्धवट राहते, कधी कधी घातकही होते.

खोलीत जागा मिळवणं

आता मुत्सद्देगिरीकडे येऊ. एका देशाने दुसऱ्या देशाच्या वीजकेंद्रावर सायबर हल्ला करणं योग्य की अयोग्य? हे ठरवण्याची चर्चा संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं निवडक देशांच्या तज्ज्ञगटात होत होती. त्यातून २०१५ मध्ये जबाबदार वर्तनाचे ११ ऐच्छिक नियम पुढे आले. पण त्या गटात खुर्च्या मोजक्याच असायच्या. नंतर सगळ्या सदस्य देशांना खुला असलेला कार्यगट तयार झाला. त्याचा दुसरा टप्पा सिंगापूरच्या राजदूतांच्या अध्यक्षतेखाली २०२१ ते २०२५ असा चालला आणि जुलै २०२५ मध्ये एक कायमस्वरूपी व्यवस्था उभी करण्यावर सहमती झाली.

दार उघडलं, पण आत जाऊन बोलणार कोण? लहान देशाच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यालयात चार-पाच अधिकारी असतात. तोच अधिकारी सकाळी हवामान बदलावर, दुपारी शांतिसेनेवर आणि संध्याकाळी सायबरवर बोलतो. समोर मोठ्या देशाचं शिष्टमंडळ वकील आणि तंत्रज्ञ घेऊन बसलेलं असतं. मसुद्यातला एक शब्द बदलला तर आपल्या देशाचं काय होईल, हे ओळखायला तयारी लागते. म्हणून मुत्सद्द्यांचं प्रशिक्षण हाही क्षमताबांधणीचाच भाग आहे. २०२० पासून काही देशांच्या खर्चाने विकसनशील देशांतल्या स्त्री-मुत्सद्द्यांना या चर्चांसाठी पाठ्यवृत्ती मिळू लागली. परिणाम असा झाला, की सुरक्षेच्या या सभागृहात बोलणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या बरोबरीला पोहोचलं.

या तयारीचं फळ जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. आंतरराष्ट्रीय कायदा सायबर विश्वात कसा लागू होतो, यावर आफ्रिकी संघाने ५५ देशांची सामायिक भूमिका मंजूर केली. तिचा सगळ्यात ठाम मुद्दा सार्वभौमत्वाचा आहे. दुसऱ्या राष्ट्राने आमच्या भूमीवरच्या संगणक यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं बेकायदेशीर आहे, मग त्याने नुकसान थोडं झालेलं असो वा नसो. काही पाश्चात्त्य देशांचं म्हणणं याहून सैल आहे. एकेकटा देश हे बोलला असता तर त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नसतं. ५५ जणांचा एक आवाज टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार डिसेंबर २०२४ मध्ये महासभेने स्वीकारला, त्याच्या वाटाघाटींचं अध्यक्षपदही अल्जीरियाच्या एका महिला मुत्सद्दीकडे होतं.

आणि आपल्या फोनचं काय झालं? मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशांच्या संपर्क अधिकाऱ्यांची जागतिक सूची सुरू केली. प्रत्येक देशाने एक मुत्सद्दी आणि एक तांत्रिक अधिकारी यांचा संपर्क द्यायचा. शंभराहून अधिक देशांनी तो दिला आहे. ही यादी ऐकायला अगदी किरकोळ वाटते. पण संकटाच्या वेळी कुणाशी बोलायचं हे न कळल्यामुळे जो वेळ जातो आणि जे गैरसमज होतात, ते यातून टळू शकतात. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढाच यामागचा विचार.

पोलिसांच्या पातळीवरही हे दिसतं. इंटरपोल आणि आफ्रिकी पोलिसांच्या आफ्रिपोल या संस्थेने २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन सेरेंगेटी’ राबवलं. १९ आफ्रिकी देशांत १,००६ संशयितांना अटक झाली. असं काम नुसत्या यंत्रांवर होत नाही. एकमेकांना ओळखणारे अधिकारी लागतात.

मदत कुणाची आणि किल्ली कुणाकडे?

आफ्रिकी संघाचं मुख्यालय इथिओपियात आदिस अबाबाला आहे. तिथली भव्य इमारत सुमारे २० कोटी डॉलर खर्चून चीनने भेट म्हणून बांधून दिली. तिचं उद्घाटन जानेवारी २०१२ मध्ये झालं. संगणक यंत्रणाही त्याच भेटीचा भाग. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ या दैनिकाने बातमी दिली, की या इमारतीतली माहिती वर्षानुवर्षं रोज मध्यरात्री ते दोनच्या दरम्यान शांघायमधल्या सर्व्हरकडे जात होती. चीनने हे साफ नाकारलं. आफ्रिकी संघाच्या नेतृत्वानेही जाहीरपणे आरोप फेटाळले.

खरं काय हे मी इथे बसून सांगू शकत नाही. आणि स्नोडेनच्या कागदपत्रांनी २०१३ पासून दाखवून दिलंय, की हेरगिरी हा काही एकाच देशाचा छंद नाही. मला यातून जो धडा घ्यावासा वाटतो तो वेगळा आहे. घर कुणी बांधून दिलं यापेक्षा, घरात राहणाऱ्याला स्वतःच्या घरातली वायर तपासता येते का, हा खरा प्रश्न आहे. ज्याला ती तपासता येते, त्याने भेट कुणाकडूनही घ्यावी. ज्याला येत नाही, त्याला मित्राने दिलेली भेटही धोक्याची आहे.

परदेशी सल्लागार येतात, पंचतारांकित हॉटेलात तीन दिवसांची कार्यशाळा घेतात, प्रमाणपत्र वाटतात आणि जातात. पुढच्या महिन्यात दुसरा देश तीच कार्यशाळा घेऊन येतो. उंटावरून शेळ्या हाकण्यातला हा प्रकार. नोव्हेंबर २०२३ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे क्षमताबांधणीवर जागतिक परिषद झाली. सायबर सुरक्षा हा विकासाचाच भाग माना आणि मदत घेणाऱ्या देशाच्या गरजेप्रमाणे द्या, असं आवाहन तिथून करण्यात आलं. ती परिषद आफ्रिकेच्या भूमीवर झाली, यालाही अर्थ आहे.

टोगो या छोट्या देशाने वेगळी वाट काढली. पोलंडच्या एका कंपनीबरोबर भागीदारीत त्याने ‘सायबर डिफेन्स आफ्रिका’ ही संयुक्त कंपनी काढली. देशाच्या सायबर रखवालीचं काम ती करते. बाहेरचं ज्ञान घेतलं, पण सरकारने मालकीतला वाटा स्वतःकडे ठेवला. मार्च २०२२ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे आफ्रिकी देशांची सायबर सुरक्षा शिखर परिषद झाली आणि मलाबो करार मान्य करण्याचं आवाहन करणारं घोषणापत्र निघालं. लहान देशानेही यजमान होऊन विषय पुढे नेला.

भारत कुठे आहे?

आपली आणि आफ्रिकेची डिजिटल नाळ समुद्राखालून जाते. २००९ मध्ये सुरू झालेली सीकॉम केबल दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया यांना मुंबईशी जोडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा ही केबलही बाधित झाली. पुढच्याच महिन्यात पश्चिम किनाऱ्यावर आयव्हरी कोस्टजवळ एकाच वेळी चार केबलना इजा होऊन अनेक देशांचं इंटरनेट मंदावलं. म्हणजे हल्ला न होताही देश तुटू शकतो.

सहकार्याचा इतिहासही जुना आहे. विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देणारी आयटेक योजना १९६४ पासून चालू आहे. राष्ट्रपती कलाम यांनी २००४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ‘पॅन आफ्रिकन ई-नेटवर्क’ उभं राहिलं. भारतातली विद्यापीठं आणि रुग्णालयं त्यातून आफ्रिकी देशांशी जोडली गेली. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं परदेशातलं पहिलं संकुल एप्रिल २०२३ मध्ये युगांडातल्या जिंजा इथे सुरू झालं. डिजिटल पुरावा न्यायालयात टिकेल असा कसा गोळा करायचा, हे आता तिथेच शिकता येईल. बंगळूरच्या आयआयआयटीमध्ये तयार झालेली ‘मोसिप’ ही ओळखपत्राची खुली प्रणाली मोरोक्को आणि इथिओपियाने स्वीकारली. नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२४ मध्ये यूपीआयसारखी व्यवस्था उभारण्यासाठी भारताशी करार केला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीतच आफ्रिकी संघ जी-२० चा कायम सदस्य झाला.

मला यात मोसिपचा मार्ग महत्त्वाचा वाटतो, कारण ती प्रणाली खुली आहे. तिचा कोड इथिओपियातला अभियंता वाचू शकतो, बदलू शकतो, आपल्याला न विचारता दुरुस्त करू शकतो. कुलपाबरोबर किल्लीही दिली, असा हा प्रकार. पण ओळखपत्राची व्यवस्था दिली आणि तिच्या रक्षणाचं शिक्षण दिलं नाही, तर आपण एका गरीब देशाच्या सगळ्या नागरिकांची माहिती एकाच कपाटात ठेवून निघून आलो, असं होईल. डिजिटल व्यवस्था देणाऱ्यावर ही जबाबदारी येतेच, आणि ती पार पाडली नाही तर उद्या बोट आपल्याकडेच दाखवलं जाईल.

तेव्हा यापुढे एखाद्या देशाने आफ्रिकेला सायबर मदत जाहीर केल्याची बातमी वाचली, मग तो देश चीन असो, अमेरिका असो, युरोपातला असो की आपला, तर रक्कम किती हे मागाहून पाहा. आधी विचारा, की प्रशिक्षक घरी परतल्यावर तिथे काय उरणार आहे. रात्री दोन वाजता मन्रोव्हियात फोन वाजला, तर तो उचलणारी, काय घडतंय ते ओळखणारी आणि पुढचा फोन कुणाला करायचा हे माहीत असलेली स्थानिक माणसं तिथे बसलेली असतील का? असतील, तर मदत कामाची झाली. आणि पुढचा फोन कदाचित मुंबईला येईल, तेव्हा इकडे तो उचलणारंही कुणी हवं.

इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.